मुकुटाची आतली बाजू

ओदोन्लाच्या राजानं
स्वतःच्या मुकुटात डोकावायचं नसतं.
डोकावलं तर डोळे जातात म्हणे, किंवा राज्य.
म्हणून मुकुट दुरुस्तीला यायचा तेव्हा
आत पाहण्याचं काम आमच्या घराकडे,
आधी बापाकडे, मग माझ्याकडे.

अदेगोरोये गादीवर आला तेव्हा मी अकरा वर्षांची.
त्याआधी तो ओशोग्बोला रेल्वेत होता,
रुळांच्या सांध्यापाशी
हिरवा-लाल कंदील धरून उभा राहणारा.
सोळा ताडबिया तीनदा टाकल्या,
तिन्ही वेळा त्याचंच नाव.
निरोप पोचला तेव्हा म्हणाला,
"साडेसातची मालगाडी काढून येतो."
मग डोक्यावर अकोकोचं पान,
डोळ्यांपुढे मण्यांची झालर,
आणि त्यापुढे मोठ्या दिवशी त्याचा चेहरा
गावाला फक्त हलताना दिसला, तुकड्यातुकड्यांनी.

बाप गेल्यावर पहिला मुकुट मी पोचवला.
"आत काय आहे ग, मणीवाले?"
"घाम," मी म्हटलं.
तो इतका हसला
की बाहेर बसलेले वडीलधारे खाकरले.

ओढ्यावरून पलीकडच्या गावाशी कोयते निघाले त्या साली
त्यानं दोन्हीकडच्यांना बोलावलं.
न्याय वगैरे काही दिला नाही.
"एकेरी रूळ आहे," एवढंच म्हणाला.
"सकाळी ते. दुपारी आपण.
मधे अर्धा तास कुणीच नाही,
पाण्याला निवळू द्या."
अजून तसंच चालतं.

लष्कराच्या राज्यात एक कॅप्टन
जंगलाच्या कागदावर सही मागायला आला.
राजा झालरीआड तीन तास गप्प.
जागा आहे की झोपलाय, कळेना,
आणि विचारायची सोय नाही.
उन्हं कलली तसा कॅप्टन जीप घेऊन गेला.
(झोपलाच होता. धाकट्या राणीनं मला सांगितलं.)

पण देवराईतले दोन इरोको त्यानं विकले.
शाळेच्या छपरासाठी, म्हणाला.
छप्पर झालं, अर्धंच.
बाजारातल्या बाया नऊ दिवस
राजवाड्याकडे पाठ करून बसल्या,
यामचे ढीग तसेच, पामतेलाचे डबे झाकलेले,
सगळ्यात पुढे माझी आई.
दहाव्या दिवशी तो चालत आला, ढोलवाल्याशिवाय.
राजा कुणाला दंडवत घालत नाही.
तो नुसता उभा राहिला, दुपारभर,
उशिरा धावणाऱ्या गाडीसाठी उभं राहावं तसा.
शेवटी आईनंच त्याच्यामागे स्टूल सरकवलं,
तोंडानं शिव्या देत.

त्या साली मुकुटात मला पहिला पांढरा केस सापडला.
"आत काय आहे?"
"काही नाही."
त्यानं मान हलवली.
लांबून काय येतंय ते
रेल्वेतल्या माणसाला कळतं.

गेल्या यामच्या सणानंतर तो आढ्यावर चढला.
आमच्यात राजा मरत नाही, आढ्यावर चढतो.
बाजार मिटला. झाडांचे शेंडे छाटले.
माहीत सगळ्यांना होतं,
म्हणायचं कुणी नव्हतं.
ओढ्यावर मात्र दुपारी आम्हीच गेलो,
अर्धा तास थांबून.

मुकुट आता माझ्या मांडीत उताणा पडलाय.
नवा लागोसला बँकेत होता, डोकं मोठं,
दोन बोटं सैल करायचाय.
जुन्या राजाचे केस चिमटीनं वेचून जाळायचे,
हा बापाचा दंडक.
वेचले. जाळले.
एक राहू दिला.
शिवणीत गेला होता, दिसला नाही,
असं सांगेन कुणी विचारलंच तर.

निळे मणी पुरणार नाहीत.
हल्ली येतात ते प्लॅस्टिकचे,
दोन उन्हाळ्यांत पांढरे पडतात.