तुटण्याचा आकडा

मोजो गावात चामडं आधी निळं होतं.
क्रोमच्या पिंपातून बाहेर आलेली बकरी
काळी होती की तांबडी,
कुणाच्या दावणीची, विचारू नये.
निळी. ओली. सगळ्यांसारखी.

मग ती हुंडेसाच्या यंत्राखाली जाते.
हुंडेसा म्हणजे माझा बाप.
तीस वर्षं त्यानं एकच केलं,
जाडी सारखी केली. एक मिलिमीटर,
वर नाही, खाली नाही.
जास्तीचं होतं ते पायाशी पडत राहिलं,
खोबरं किसावं तसा निळसर कीस,
दिवसाला चौदा पोती.

कातडं बूट व्हायला परदेशी जातं.
कीस नदीकडे.
एकदा सरपण महागलं तेव्हा
आईनं तो चुलीत घातला होता.
जळलं फारसं काही नाही,
डोळे मात्र चार दिवस जळत राहिले.
त्या राखेत काय होतं
त्याचं नाव मला आता ठाऊक आहे.
आईला सांगितलेलं नाही.

आता मी अदिसच्या रस्त्यावरच्या गोदामात
तोच कीस वाळवते, दळते, चाळते,
त्यात एनसेटचे धागे घालते.
एनसेट, केळीची सख्खी बहीण,
खाण्याजोगं केळं मात्र देत नाही.
वोल्किटेहून येशिमेबेत दर पंधरवड्याला येते,
गाठोडं बाकावर आपटते, म्हणते,
"धागा नंबरी आहे, घासाघीस नको.
आम्ही याचा गाभा खातो,
पानात भाकर भाजतो,
तुम्ही म्हणे आता याचं चामडं करणार!"
चामडं नाही म्हणत आम्ही.
नाव अजून ठरायचंय.
वहीत नुसतं 'तुकडा' लिहितो.

रबराचा चीक, दाबयंत्राच्या तापल्या पाट्या,
बारा मिनिटं.
उघडलं की वास येतो
भिजलेल्या दप्तराचा.

आणि मग आम्ही तो तोडतो.
हे बापाला अजिबात पटत नाही.
दोन्ही टोकं चिमट्यात,
यंत्र ओढतं, काटा चढतो,
तुटतो तिथला आकडा मी लिहिते.
पहिला बिस्किटासारखा गेला.
चौथा हातातच सुटला.
नववा बरा होता, पाण्यात फुगला.
धागे उभे घातले, आडवे घातले,
शेवटी कंटाळून
पडतील तसे पडू दिले.

सतराव्याला काटा थांबेचना.
गिर्मा म्हणाला, यंत्र बिघडलंय.
दुसरी पट्टी कापून लावली.
मग तो काहीच म्हणाला नाही,
कॉफी करायला गेला.

रविवारी बाप आला.
तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरला,
डोळे मिटले.
"एक पूर्णांक दोन. जाड आहे."
मी मापलं. एक पूर्णांक दोन.
मग त्यानं कडेला नख घातलं,
निळा एक कण उचकटून उजेडाला धरला.
"हा माझा."
मला हसू आलं. हजार पोती मिसळलेली,
त्यातला कण!
तो हसला नाही.
"पातं बोथट झालं की कीस असा वळतो.
मी नवं मागत होतो तेव्हा.
दिलं नाही त्यांनी."

म्हणतात ना,
अंगच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी.
पण ज्याचा जन्म कातडी तासण्यात गेला
त्याला हे कुठल्या तोंडानं म्हणू?
कात्री घेतली.
सतराव्यातून दोन तळवे कापले, त्याच्या मापाचे,
त्याच्या गमबुटात सरकवले.

तो दारापर्यंत गेला.
परत आला.
पुन्हा गेला, बाहेर, मातीतून,
जरा वेळ दिसेनासा झाला.
आला तेव्हा म्हणाला,
"डावा टोचतो."

मी वही उघडली.
सतरा : डावा टोचतो.
अठरा : किंचित पातळ.