संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत

केप्याच्या वाचनालयात पंखा दोनवर ठेवावा लागतो.
तीनवर गेला की मराठी पेपर उडून
कोंकणी पेपरावर जाऊन बसतात
आणि निवृत्त मास्तर म्हणतात, झाला, वाद सुरू झाला.

मी इथे करारावर आहे.
अकरा महिने काम, मग एक दिवस खंड.
त्या दिवशी कुलूप कोण उघडतं
ते रजिस्टरात नाही.
(मीच उघडते. पोरांची परीक्षा खंड पाळत नाही.)

सोयरू वेळीप शिरवईहून चालत येतो,
साडेनवाला पायरीवर हजर.
खाण बंद पडल्यापासून त्याचा ट्रक
फणसाखाली उभा आहे, टायरातून वेल वर चढलीय.
आधी तो फक्त लिलावाची बातमी शोधायचा.
आता राशिभविष्यापासून सुरुवात करतो,
म्हणतो, तें तरी दिसपट्टें येता.

लुईझिन फुर्तादो बुधवारी.
इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग,
प्लास्टिकच्या पिशवीत आजोबांचा कागद.
मागतात पोर्तुगीज कोश:
लाल पाठीचा, कडा वाळवीने चाखलेल्या,
पहिल्या पानावर शिक्का, घरी नेता येणार नाही.
भाषा होती आमच्याकडे, ते सांगतात,
पण कपाटातल्या बशांसारखी.
पाहुणे आले तरच बाहेर.

उजेड पडतो असं टेबल एकच.
म्हणून भाटकार आणि मुंडकार
एकाच टेबलाशी.
दोघांचा दावा मामलेदाराकडे,
हे माशेवाल्या बायकांनाही ठाऊक.
पेपर मात्र वाटून घेतात:
निधनाच्या जाहिराती आधी फुर्तादोंना,
फुटबॉल सोयरूला,
मधलं पान जो आधी खोकेल त्याला.

त्या बुधवारी भिंग एका शब्दावर थांबलं.
नासेंत.
पहिला अर्थ, पूर्व.
दुसरा, स्वल्पविरामानंतर, बारीक अक्षरात:
झरा.

हद्द नासेंतपर्यंत,
असं अठ्ठेचाळीस सालचा नोतार लिहून गेला होता
आणि पुढे शाईचा डाग.
पूर्वेपर्यंत कुणाची जमीन असते?
सूर्याने किती कुंपण घालायचं?
पान मिटता आलं असतं त्यांना.
मी पाहत होते, अंगठा कडेला होताच.
त्यांनी मोठ्याने वाचलं.
वाचनालयात मोठ्याने वाचायचं नसतं.

सोयरूने खेळाचं पान खाली ठेवलं.
झर आमच्या न्हाणीफाटल्यान आसा, तो म्हणाला,
आणि झरीपलीकडे
बावीस काजू.
बावीस हा आकडा टेबलावर पडून राहिला.
शेवंतिकेने गणिताच्या पुस्तकातून मान वर केली,
तिला वाटलं कुणीतरी उत्तर सांगितलं.

पळोवया, फुर्तादो म्हणाले. वचून पळोवया.
पण कोश लागेल, बाई.
माझ्या पोर्तुगीजवर माझाच विश्वास नाही.

मी शिक्क्याकडे पाहिलं.
शिक्का मीच मारलेला, दुसऱ्या कराराच्या पहिल्या आठवड्यात,
तेव्हा शाई नवी होती आणि मीही.
मग रजिस्टर ओढलं.
नाव: दोन लिहिली, एका ओळीत.
कारण: झरा बघणे.

ते गेले फुर्तादोंच्या जुन्या स्कूटरवरून,
कोश दोघांच्या मध्ये,
सोयरूच्या पोटाशी,
लेकरू दवाखान्यात न्यावं तसा.

गुरुवारी तो पायरीवर होता, पिशवीत.
‘न’ची पानं पाण्याने फुगलेली,
मधे एक काजूचं पान,
कुणी ठेवलं, खूण म्हणून की विसरून, कळत नाही.
मी विचारलं नाही.
तारीख मामलेदाराकडे अजून पडतेच आहे.
पेपर अजून वाटून वाचतात.
एकदा मधल्या पानावरून कडाक्याचं भांडले,
मला पंखा बंद करावा लागला.

मार्चमध्ये मडगावहून तपासणी येईल.
प्रत्येक ग्रंथापुढे एक रकाना असतो, स्थिती.
उत्तम, मध्यम, जीर्ण, गहाळ,
चारांतलं एक लिहायचं.
कोशापुढे मी तूर्तास पेन्सिलने लिहिलंय:
वापरात.