दिली की नाही

सिडकोत रात्री नऊला वीज गेली
आणि मी स्ट्रिप हातात घेऊन उभी:
दिली की नाही?

गोळी एकच, दोघांनाही आकडीची.
दिगूमामाला अख्खी, ढेकळ्याला अर्धी.
ढेकळ्याला ओझरला द्राक्षांच्या काट्यावर तोलला होता,
क्रेटमध्ये बसवून, क्रेट वजा करून.
बागाईतदार हसला, "एक्स्पोर्टचा माल का?"
साडेअकरा किलो.
डॉक्टर खैरनारांनी आकडा दोनदा गिरवलाय.
मामाचं वजन कुणी करत नाही,
पायजम्याची नाडी सांगते.

मामा म्हणतो, दिलीस की.
मामा परवाच्या आमटीलाही आजची म्हणतो.
ढेकळ्याला काय, पोळीचा घास दहाव्यांदाही चालेल.

मोबाईलच्या उजेडात बादली उपसली:
कांद्याची सालं, चहाचा चोथा,
एक चंदेरी कपटा.
तो सकाळचाही असेल.

फोन लावला. पलीकडे लग्नाचा बँड.
"परत देऊ नका!" डॉक्टर ओरडले,
"दोघांनाही! चुकली तर चुकली,
दुप्पट नको. लक्ष ठेवा, काही वाटलं तर
लगेच फोन."

मग सतरंजीवर, दोघांच्या मधे.
अंबडला रात्रपाळीचा भोंगा झाला.
मामा घोरत होता.
ढेकळ्याचा मागचा पाय थरथरला,
झटका की स्वप्नातली मांजर?
हात ठेवला. थांबला.
मांजरच.

पहाटे दूधवाल्यासाठी वही उघडली.
कालच्या एक लिटरखाली
माझ्याच पेनाची दोन टिंबं,
एक मोठं,
एक अर्धवट.