दोन सूत

बाबा महालक्ष्मीच्या एका छापखान्यात ऑफसेटवर होते,
म्हणून आमच्या घरी टिमटिम फ्लेक्सची खोकी यायची.
फ्लेक्स नाहीत. खोकी.
रद्दीत काढलेली, सपाट, न दुमडलेली,
शाईचा आणि थोडा रॉकेलचा वास असलेली.

त्यांच्यावर तो मुंगूस.
हिरवा गॉगल, निळी अर्धी चड्डी,
दुधाच्या वाडग्यात सूर मारायच्या बेतात.
फक्त लाल रंग दोन सूत सरकलेला.
त्यामुळे जीभ तोंडाबाहेर, गालाशेजारी हवेत,
आणि मफलर गळा सोडून
एकटाच निघालेला ठाण्याच्या दिशेने.

आई खळ लावून खोकी उभी करायची.
एकात कुरमुरे, एकात सुक्या मिरच्या,
एकात बटणं, हूक, उसवलेली चेन.
सकाळी मी त्यातलं एक समोर मांडायचे
आणि फोडणीची पोळी खायचे
मुंगसाच्या नजरेला नजर देत.
बाजूचा मजकूर तोंडपाठ होता:
लोह, जीवनसत्त्वं, नायसिन.
नायसिन म्हणजे काय, आजही ठाऊक नाही,
पण आमच्या पोळीत ते भरपूर होतं.

खऱ्या फ्लेक्सचं खोकं निलोफरकडे,
कन्नमवार नगरातच, दोन बिल्डिंगी सोडून.
तिच्या मुंगसाची जीभ तोंडात होती.
मला तो कुणाचा तरी हुशार चुलतभाऊ वाटला.
वाडग्यात दूध ओतलं, कुर्रकुर्र आवाज झाला,
मी घाबरून उशिरा चमचा घातला.
तोवर सगळं मऊ पडलेलं.
चव ओळखीची लागली.
पुठ्ठ्याची.

खोक्याच्या पाठीवर कुपन असायचं:
पाच पाठवा, मुंगसाचा गॉगल मिळवा.
माझ्याकडे सेहेचाळीस होती.
बाबा एकदाच बोलले होते, चपला काढता काढता,
'ती आपली नाहीत हं.'

मी पाचच पाठवली. हावरट नव्हते मी.
पाकिटावर पत्ता निलोफरच्या अक्षरात,
तिकिटाचे पैसे बटणांच्या खोक्यातून.
एक गोष्ट लक्षातच आली नाही,
की कुपनाची लाल चौकटही
दोन सूत सरकलेली होती.

मे महिन्यात बाबा चार दिवस घरी होते.
सुट्टी आहे म्हणाले.
सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून
खिडकीपाशी बसायचे, पेपर न उलटता.
आईने खोकी एकेक करून फोडली,
कुरमुरे डब्यात गेले, मिरच्या बरणीत.
मला कुणी काही विचारलं नाही.
मी तेव्हापासून वाट बघतेय कुणी विचारायची.

आणि जूनमध्ये गॉगल आला.
त्या ऑफिसात एका टेबलाचं दुसऱ्या टेबलाला
कळत नसावं बहुधा.
मी तो शाळेच्या जुन्या मोज्यात लपवला.
दिवाळीआधी आवराआवरीत बाबांना सापडला.
त्यांनी उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला,
डोळ्यांवर चढवला. काड्या कानापर्यंत पोचेनात,
म्हणून एका हाताने धरून
उरलेल्या हाताने माळ्यावरची भांडी खाली देत राहिले.
'सगळं हिरवं दिसतंय गं,' एवढंच म्हणाले.

टिमटिम कधी बंद पडलं, कळलं नाही.
छापखान्याच्या जागी आता काचेची इमारत.
बाबांच्या नखांतली शाई मात्र
निवृत्तीनंतरही दोन वर्षं गेली नव्हती.

माझा लेक आता खातो एक कुठलेसे गोळे,
त्यावर अंतराळवीर बेडूक, बेडकाचं स्वतःचं ॲप.
तो शाळेत गेला की मी रिकामं खोकं उलटं करते,
खालची पाकळी नखाने उचकटते.
आत असतात चार ठिपके,
निळा, लाल, पिवळा, काळा, ओळीत.
लाल बघते आधी.
जागेवर असला तर बरं वाटतं,
रात्रपाळी नीट पार पडली कुणाची तरी.

एकदा नव्हता.
ते खोकं मी टाकलं नाही.
त्यात कुरमुरे आहेत.