मागचा दिवा

सतरा बल्ब जमलेत हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात.
कानाशी धरून हलवला
की आत तुटकी तार वाजते,
साखरेचा एक दाणा बशीत पडावा तशी.
हा खुनी नाल्याच्या रपट्यावर गेला.
हा त्या गतिरोधकावर,
जो सरपंचाच्या घरापुढं एका रात्रीत उगवला.
हा कुठं गेला, माहीत नाही.
मागचा दिवा कधी जातो
ते पुढं पाहणाऱ्याला कळत नाही.

घाटंजीच्या फाट्यावर बबलू कोडापे म्हणाला,
"डाक्टर, येलईडी टाका. पासष्ट रुपये.
याच्यात तारच नाई, तं तुटन काय?"

मी डॉक्टर नाही.
ढोरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक आहे.
पण रात्री दोनला अडलेली गाय
हुद्दा विचारत नाही.

स्क्रू गंजलेले. त्यानं त्यांना डिझेलचा थेंब पाजला,
मला चहा,
आणि काच काढली.
आत कुंभारीण माशीचं घर.
मातीचं, तीन खोल्यांचं.
"इतके दिवस हिच्याचसाठी उजेड करत होते तुमी."

मग पांढरा की लाल?
पांढरा टाकला तर काच गुलाबी दिसते,
लग्नातल्या सरबतासारखी.
लाल टाकला तर खालच्या खिडकीतून
नंबरावरही लालच सांडतं, आकडे वाचता येत नाहीत.
"वाचाले कोन येते तिकडं? रोही?"
लाल घेतला.
दाबून, जरा पिळून बसवला.
दोन कान त्याला, एक वर, एक खाली,
उलटा बसतच नाही.
एवढी अक्कल पितळेला असते.

गाडी जुनी बॉक्सर.
दिवा इंजिनावर जळतो, ब्रेकचा बॅटरीवर.
इंजिन मंद झालं की नवा दिवा मिचमिचायला लागला.
"दिवा तं पयलेपासून असाच मिचमिचे," बबलू हात पुसत म्हणाला,
"जुना बल्ब गरम राहे, झाकून घे.
हा जसं हाय तसं दाखवते.
रेस ठेवत जा जराशी."

घरी येऊन रेशन दुकानाच्या चुन्याच्या भिंतीला
गाडीची पाठ केली.
ब्रेक दाबला, मान वळवली.
भिंत लाल.
पण भिंत हातभर अंतरावरचं सांगते,
टेकडीच्या उतारावरून काय दिसतं
हे तिला कोण विचारणार?

तिसऱ्या रात्री पोडावरून फोन आला.
वासराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला.
पाऊण तास लागला.
कालवड झाली, तांबडी.
जंगूबाई टेकामनं लुगड्याच्या धडप्यानं तिचं नाक पुसलं,
मी कोपरापर्यंत हात धुतले,
तिनं तांब्यानं पाणी घातलं, दोनदा, न बोलता.

गाडीला किक मारली आणि म्हणालो,
"मावशी, जरा मागं उभ्या राहता का?
ब्रेक दाबतो. लागला का सांगा."

"लागला."
सोडला.
"गेला."
दाबला.
"लागला. लय लाल हाय बाप्पा."
सोडला.
"गेला. येकदमच गेला.
पयलेवाला तुमचा हळूहळू जाये.
त्या सागापाशी गेल्यावर, वळताना."

हे मला माहीत नव्हतं.
अकरा वर्षं येतोय या पोडावर.

"ठीक आहे," म्हणालो, "जातो."
ती तिथंच उभी, हातात ओला धडपा.

सागापाशी रोही नव्हता,
खड्डा नव्हता, उतारही नाही.
उगाच ब्रेक दाबला.
थोडा वेळ दाबूनच ठेवला.
मग सोडला.