किती वर्षं राहणार?

हॅडलीच्या रस्त्यालगत, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी
ब्रॉनिस्लावा कोठाराच्या दारात खुर्ची टाकून बसते.
समोर लाकडी खोकी, खोक्यांत ओला भुसा,
भुशात निजलेले ॲस्परॅगसचे गड्डे,
फिकट, लांब मुळांचे,
विंचरायचं राहून गेलेल्या केसांसारखे.

गिऱ्हाईक आलं की ती भाव सांगत नाही.
आधी विचारते, घर स्वतःचं?
मग, किती वर्षं राहणार?
भाडेकरूला ती टोमॅटोची रोपं दाखवते:
एका उन्हाळ्याचा संसार, तुम्हाला तेवढा पुरे.

नेरेइडा होल्योकहून दोन बस बदलून आलेली.
रात्रपाळीचा निळा सदरा अजून अंगातच,
खिशात कुणा आजोबांच्या चष्म्याची काडी,
चिकटवून आणते म्हणालेली.
"वीस," ती म्हणाली.
"वीस वर्षं. घर माझंच आहे."

ब्रॉनिस्लावाने तिचे बूट पाहिले,
गळ्यातला बसचा पास पाहिला,
आणि दहाचे पैसे घेऊन बारा गड्डे मोजले.
वर्तमानपत्रात गुंडाळताना एवढंच बोलली:
"यंदा हात लावायचा नाही. पुढच्या वर्षीही नाही.
तिसऱ्या वर्षी थोडं.
लोकांना तिसरं वर्षच दिसत नाही, पोरी."

घर महिन्याच्या बोलीवरचं.
मागे कुंपणाला चिकटून बारा पावलं जमीन,
तिच्यावर मालकाची मोडकी शिडी.
शिडी हलवली. चर खणला, वीतभर खोल.
मातीतून निघाले: एक चमचा,
बाहुलीचा हात, बिनकिल्लीचं कुलूप.
आधीच्या कुणाकुणाचं राहून गेलेलं.
तिने ते धुऊन पायरीवर मांडलं.

चराच्या मधोमध मातीचा वरंबा,
त्यावर एकेक गड्डा असा, की मुळं दोन्हीकडे लोंबावीत,
जसं पोर बापाच्या खांद्यावर बसतं.
वर चार बोटं माती, जास्त नाही.
उरलेली कडेला ठेवायची,
कोंब चढेल तशी ओढत जायची.
एकदम सगळी लोटली, तर ते पेरणं नव्हे, पुरणं.

जूनमध्ये पेन्सिलीहून बारीक कोंब आले,
उलगडले, हिरवा धूर झाले.
यादिएलने विचारलं, "हे खायचं कधी?"
"तू नववीत गेलास की."
बोलून गेली, आणि हातातली झारी
बराच वेळ रिकामीच धरून उभी राहिली.
पहिल्या तारखेच्या पलीकडची तारीख
या घरात पहिल्यांदाच कुणी उच्चारली होती.

ऑगस्टमध्ये मालक नळ बघायला आला.
"हे तण काढून टाक."
"तण नाही, शोभेचं आहे."
दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

ऑक्टोबरात सगळं पिवळं पडलं.
पाच झाडांना लाल मणी धरले, म्हणजे पाच माद्या.
यादिएलने मणी मोजले, मग पाखरांनी.
हिवाळ्यात भाडं वाढलं, साठ डॉलर.
रविवारची पाळीही तिने घेतली.

पुन्हा मे. पुन्हा दोन बस.
कोठाराच्या दारात तीच खुर्ची, तीच बाई,
गुडघ्यांवर आता घोंगडी.
ब्रॉनिस्लावाने डोळे बारीक केले,
बूट ओळखले.
"किती उरली?"

नेरेइडा अडखळली नाही.
"एकोणीस," म्हणाली,
आणि टोमॅटोचं एक रोप उचललं,
या उन्हाळ्यासाठी.