पावती

फोनवर मी विचारलं होतं,
कोल्हापुरातली जुनी बौद्ध मंदिरं दाखवाल का?
पलीकडून बराच वेळ नुसत्या कुकरच्या शिट्ट्या.
मग, "देवळं न्हाईत ताई. जागा हाईत.
रविवारी या. पायात बूट घाला."

तातोबा कुरणे. पंचगंगेच्या घाटावर उभे,
शर्टाच्या खिशातून ओळंब्याची दोरी लोंबलेली.
गाइड फक्त रविवारचे.
बाकी सहा दिवस गवंडी, राजारामपुरीपासून उचगावपर्यंत
कुणाचा कट्टा, कुणाचा जिना.

ब्रह्मपुरीच्या टेकाडावर त्यांनी मला एका बोळात नेलं.
वाळत घातलेली चादर हातानं बाजूला केली.
"हितं."
हितं काय?
"हितंच कुठंतरी स्तूप. विटांचा.
आता त्येच्यावर कुणाची न्हाणी आसंल, कुणाचा देव्हारा."
दारात तांदूळ निवडणारी बाई मान वर न करता म्हणाली,
"आलासा व्हय पुन्यांदा?
काय घावलं तर आमाला बी सांगा."

उतरताना त्यांनी पेटीचं सांगितलं.
दगडी पेटी निघाली होती म्हणे, लई वर्षांमागं,
तिच्या झाकणावर दोन नावं:
एक देणाऱ्याचं, एक करवून घेणाऱ्याचं.
"देणाऱ्याचं नाव कुणीबी लिवतंय.
दुसरं कुणी लिवतंय?"
मी वहीत टिपून घेतलं.
तिसरं नाव, हातोडीवाल्याचं, तिथं नव्हतंच,
ते त्यांनी मला विचारू दिलं नाही.

स्कूटरवर शिवाजी पूल, वडणग्याचा फाटा, केर्ली.
जोतिबाला निघालेल्या जीपगाड्यांच्या टपांवर गुलाल.
आम्ही मध्येच वळलो, कुशिऱ्याच्या अंगानं,
पोहाळ्याच्या लेण्यांकडं.

खांब मी मोजायला लागले.
"मोजून काय करणार? हात लावा."
काळवत्री दगड, दुपारीही गार.
भिंतीवर टाकीचे घाव, पावसाच्या रेघांसारखे तिरके,
आणि एका कोपऱ्यात अचानक उलट्या अंगाला झुकलेले.
"ह्यो डावखुरा हुता.
हितं त्येची टाकी निसटली.
हितं जेवायला उठला, परत आला तवा धार लावून आला.
आन ही खोली अर्धीच. पैसं संपलं,
न्हाईतर पैसं देणारा."

"आय म्हणायची, पांडवांनी एका रातीत खोदलं.
मी म्हणायचो, आयं, एका रातीत
साधी चूल बसत न्हाई नीट."

आत पिंड होती, पिंडीवर सकाळची कण्हेर.
त्यांनी हात जोडले नाहीत, पाठही फिरवली नाही.
नुसते बाजूला झाले,
आपल्या कामावर दुसरा कुणी काम करत असला
की होतात तसे.

मग एका कोठडीत शिरून दगडी ओट्यावर आडवे झाले.
पाय गुडघ्यापासून बाहेर.
"भिक्षू तरी बुटका,
न्हाईतर गवंड्यानं दगड वाचीवला."
आणि डोळे मिटले.

मी बाहेर वाट बघत बसले,
काहीतरी उतरेल म्हणून,
शांती वगैरे, वाचलेलं.
एक सरडा आला, मान हलवून गेला.
खाली उसात कुणाचा तरी ट्रॅक्टर
चालू होत नव्हता, होत नव्हता,
झाला.

परत घाटावर मी पावती मागितली.
ऑफिसला लागते.
त्यांनी स्कूटरच्या डिकीतून सिमेंटच्या दुकानाचं
पावतीपुस्तक काढलं,
दुकानाचं नाव खोडलं.
"कशाबद्दल लिवू?"
मला सांगता येईना.
ते वाकून लिहीत राहिले, एकेक अक्षर
दाबून, मागच्या तीन कागदांवर उमटेल असं,
पेन डाव्या हातात.

"पाच तास. दगड.
मिळाले. ता. कुरणे."

हिशेब खात्यानं ती परत पाठवली,
'दगड' हे शीर्षक त्यांच्या यादीत नाही.
माझ्याकडंच आहे. कधीतरी काढते
आणि मागच्या बाजूनं
बोट फिरवते.